पाहुणीला बसायला द्या

आमच्या वॉर्डात एक लोखंडी स्टूल होतं. हिरवा रंग अर्धा उडालेला आणि एक पाय जन्मापासून आखूड. कोणी बसलं की ते एका अंगाला कलायचं आणि लादीवर 'टक' असा आवाज व्हायचा. त्या पायाखाली मी कितीदा पुठ्ठ्याची घडी सारली, पण लादी पुसताना ती मीच भिजवायचे आणि मीच फेकून द्यायचे. शेवटी म्हटलं, वाजतंय तर वाजू दे मेलं.

या स्टुलाची गोष्ट सांगायची तर मास्तरीणबाईंची सांगावी लागते. मास्तरीणबाई म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर. हे नाव पाठीमागचं, तोंडावर सगळे 'सिस्टर'च म्हणायचे, कोणाची टाप होती? चादरीला एक सुरकुती दिसली की नव्या पोरींना सगळ्या वॉर्डासमोर झापायच्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मी त्या वॉर्डातली आया. बेडपॅन, लादी, चादरी बदलणं आणि माणूस गेलं की त्याला पुसून नीट करणं, ही माझी कामं. मला सगळे मावशी म्हणतात. मी तोंडाची फटकळ आहे हे मला माहीत आहे, दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. म्हणूनच आमचं दोघींचं जमलं.

आमचा वॉर्ड कोपऱ्यातला. ज्यांच्यासाठी आता काही करण्यासारखं उरलं नाही, अशी माणसं आमच्याकडे यायची. दुखणं कमी करायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, तोंड ओलं ठेवायचं, बस्स. अशी माणसं शेवटी शेवटी खाटेशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलायला लागतात. कोणी हसतं, कोणी भांडतं, कोणी नुसतं 'या, या' म्हणतं. नवी पोरगी असली की घाबरून म्हणायची, "आजोबा, कोणी नाही हो तिथे, झोपा."

झालं! मास्तरीणबाई तिथल्या तिथे फाडून खायच्या. "तुला दिसत नाही म्हणजे कोणी नाही का? त्यांच्या घरचं माणूस आलंय आणि तू दारातून हाकलतेस?"

मग त्या पेशंटच्या कानाशी वाकून विचारायच्या, "कोण आलंय?" बायको, थोरला भाऊ, लहानपणी गेलेली बहीण, काय वाटेल ते उत्तर यायचं. सिस्टर मला म्हणायच्या, "मावशी, बसायला द्या." मी स्टूल आणून पेशंट बघत असेल तिथे ठेवायचे. एका आजोबांकडे तर त्यांचा कुत्रा आला होता. मी म्हटलं, "अहो सिस्टर, कुत्रा कशाला स्टुलावर बसेल?" तर म्हणाल्या, "बसू दे नाहीतर न बसू दे. आपण विचारायचं."

आणि स्टूल ठेवलं की लगेच फोन. हा त्यांचा नियम होता. पेशंटच्या घरी स्वतः फोन लावायच्या आणि सांगायच्या, "उद्या नको. आज या." लोक कुरकुरायचे, कामं सोडून यायचे, आणि मग त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कळायचं की बाईंनी का बोलावलं होतं. "माझ्या वॉर्डातून कोणी आपल्या माणसाला न भेटता गेलेलं नाही," असं त्या म्हणायच्या. हा एकच गर्व त्यांना होता, आणि तो खरा होता.

भुताखेतांवर माझा विश्वास आहे का, हे मला विचारू नका. हे पाहुणे गेटवर पास दाखवत नाहीत, भेटीची वेळ पाळत नाहीत, एवढं मला माहीत. आणि त्या रिकाम्या स्टुलाला वळसा घालूनच मी लादी पुसायचे, हेही सांगून ठेवते.

सिस्टरांच्या घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. अर्धं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत, आणि काय जीभ! सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि आई, दोघीच. मी मागच्या गल्लीत राहायचे. सिस्टर ड्यूटीवर आणि मी घरी असले की मी आजींपाशी जाऊन बसायचे. पाठीला जखम होऊ नये म्हणून आजींना हवेची गादी होती, तिची मोटर दिवसभर घूंऽऽ घूंऽऽ करायची. आजी म्हणायच्या, "माझ्या पाठीखाली एक भुंगा पाळलाय गं."

सिस्टर घरी आल्या की घराचा वॉर्ड व्हायचा. आजींना कुशीवर वळवायचं, पावडर लावायची, औषध भरवायचं, नखं काढायची. आजींची केसांची बारीकशी वेणी सिस्टर गॉजच्या पट्टीने बांधायच्या, रबराने केस ओढले जातात म्हणून. आजींच्या करड्या स्वेटरचं एक बटण हरवलं, तर सिस्टरांनी हाताला लागलं ते लाल बटण लावून टाकलं. आजी मला म्हणाल्या, "बघितलंस? ही माझी मुलगी नाही, नर्स आहे. मुलगी कधी येते त्याची वाट बघतेय."

"आई, उगाच काहीतरी!"

"मग दोन मिनिटं बस ना माझ्याजवळ."

"बसते हं, एवढं उरकलं की."

ते कधी उरकलं नाही. मी साक्षीदार आहे.

सिस्टरांचा एक धाकटा भाऊ होता, दूर नोकरीला. आजी त्याला बाळ्या म्हणायच्या. तो एकदा आला आणि म्हणाला, "ताई, आईला चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. तू या रगाड्यात मरशील." त्याने काळजीने म्हटलं होतं हो, मी चहाचे कप विसळत होते, माझ्या कानांनी ऐकलं. पण सिस्टरांना 'आईला केंद्रात ठेवू' एवढंच ऐकू आलं. तळपायाची आग मस्तकात! म्हणाल्या, "आईला टाकायला आला असशील तर पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस." तोही त्यांचाच भाऊ, त्याने नाही ठेवला. आजी मात्र रोज विचारायच्या, "बाळ्याचा फोन आला का गं?"

मग ती दुपार आली. सिस्टर घरी होत्या, मी सहज डोकावले होते. सिस्टर चादर बदलत होत्या. आजी दाराकडे बघून एकदम म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा आलेत. उभं काय केलंस त्यांना? बसायला दे, गुडघा दुखतो त्यांचा."

बाबांना जाऊन किती वर्षं झाली होती! मी सिस्टरांकडे बघितलं. खोलीत एकच लाकडी खुर्ची होती. मी ती उचलायला गेले, तर सिस्टरांनी माझ्या हातातून ती हिसकावली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

"बाबा नाहीत, आई. कोणी नाही तिथे. झोप तू."

बाई गं! ज्या वाक्यासाठी नव्या पोरींना फाडून खायच्या, तेच वाक्य. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "सिस्टर, स्टूल ठेवलं की फोन. भावाला बोलवा."

"हे घर आहे, वॉर्ड नाही!" त्या अशा ओरडल्या की शेजारची खिडकी उघडली. मग हळूच म्हणाल्या, "काही झालेलं नाही तिला. उद्या करते फोन."

मी त्यांचा चेहरा बघितला आणि मोरीतली भांडी विसळायला घेतली. त्या बाईला जगात दुसरं कोणी नव्हतं. आत आजी म्हणत होत्या, "अहो, थांबा जरा. पोरगी कामात आहे. बाळ्याला येऊ द्या." मग भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दूध कोमट करून आणेपर्यंत आजी गेल्या. भाऊ आला तो सगळं झाल्यावर. तो रडला नाही, भांडला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "जगातल्या सगळ्यांना फोन करतेस. मलाच तेवढा केला नाहीस." आणि गेला.

सिस्टर चौथ्या-पाचव्या दिवशी ड्यूटीवर आल्या. हवेची गादी त्यांनी वॉर्डाला देऊन टाकली. काम पहिल्यासारखंच, झापणंही पहिल्यासारखं. मला वाटलं, चला, सावरल्या.

तेव्हा आमच्याकडे एक शिंपी होते. पोटाचा आजार, हाडांचा सापळा झालेला, पण हात अजून हवेत सुई ओवायचे. एका दुपारी त्यांची बायको आली. म्हणजे कधीच गेलेली बायको. सिस्टरांनी विचारलं, मी स्टूल ठेवलं, सगळं नेहमीसारखं. शिंपीबुवा खूश. मग म्हणाले, "आणि त्या आजींना नाही का बसायला देत?"

सिस्टर म्हणाल्या, "कोणत्या आजी?"

"त्या काय, दाराशी. स्वेटरला एक बटण लाल लावलंय कोणीतरी. बाकीची करडी. असं करतात का? द्या इकडे, मी लावून देतो."

सिस्टरांच्या हातातला ट्रे खाली पडला. सगळ्या वॉर्डभर गोळ्या. मी गोळ्या वेचायच्या सोडून शिंपीबुवांना विचारलं, "केस कसे आहेत हो त्यांचे?"

"वेणी आहे. पांढरी पट्टी बांधलीय. मी म्हटलं बसा, तर म्हणतात, मुलगा यायचाय, तो आला की बसेन."

शिंपीबुवांनी आजींना उभ्या जन्मात बघितलेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते बिचारे शांतपणे म्हणाले की शेवटी रक्तातला प्राणवायू कमी होतो, माणसाला काहीबाही दिसतं. असेल. मी नाही म्हणत नाही.

पण त्यानंतर एका शाळेच्या बाईंना ती आजी दिसली. मग एका ट्रक ड्रायव्हरला. त्याला तर कीव आली. म्हणाला, "म्हातारीला किती वेळ उभं ठेवाल? पाय सुजलेत तिचे." प्रत्येकाचं आपलं माणूस स्टुलावर, आणि आजी दाराशी उभ्या. दुसरं स्टूल आणा, खुर्ची आणा, काही उपयोग नाही. बसतच नव्हत्या.

आणि घरी? एकदा मी सिस्टरांकडे गेले आणि दारातच खुर्चीला अडखळून पडता पडता वाचले. दाराशी खुर्ची, स्वयंपाकघरात खुर्ची, खिडकीजवळ खुर्ची, न्हाणीघराबाहेरसुद्धा एक प्लास्टिकचं स्टूल. मी म्हटलं, "काय हो सिस्टर, लग्नाचा हॉल काढलाय की काय?" त्या हसल्या नाहीत. "ऐक," म्हणाल्या. मी कान दिला. आतल्या खोलीतून आवाज येत होता. घूंऽऽ घूंऽऽ. आजींच्या गादीची मोटर. अहो, ती गादी मी स्वतः वॉर्डातल्या खाटेवर बसवली होती! आत डोकावले तर नुसती रिकामी खाट. उघडी फळी. आणि आवाज त्या फळीतूनच. मी चहाचा कप तसाच ठेवला.

"रोज दुपारी येतो," सिस्टर म्हणाल्या. "मी सगळीकडे बसायला ठेवलंय. माझ्या घरात ती बसत नाही."

वर्ष गेलं असेल. एक दिवस वॉर्डात नवा पेशंट आला. फुप्फुसं निकामी झालेली, नाकाला नळी, सोबत बायको आणि कॉलेजातली मुलगी. मी चादर घालत होते, वर बघितलं आणि माझा हात थांबला. बाळ्या. बदली होऊन तो आता तासाभराच्या अंतरावर राहायचा, आणि आमच्यासारखा वॉर्ड तिकडे नव्हता, म्हणून बायकोने हट्टाने आणलं होतं. तिने सिस्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तो मात्र भिंतीकडे बघत राहिला.

सिस्टरांनी त्याला हवेच्या गादीवर घेतलं. त्याचं सगळं स्वतः केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तो बोलायचा तेवढ्यापुरतं. "सिस्टर, पाणी." "सिस्टर, खिडकी लावा." ताई म्हणायचा नाही, परक्या पेशंटसारखं अहो-जाहो करायचा. सिस्टर पाणी द्यायच्या, खिडकी लावायच्या आणि चादरी ठेवायच्या लिननच्या खोलीत जाऊन डोळे पुसून यायच्या. मला त्याचा असा राग यायचा! मरणाच्या दारात माणसाने एवढा ताठा ठेवावा? मग वाटायचं, त्याची आई गेली होती हो, त्याला न भेटता गेली होती.

काही दिवसांनी एका दुसऱ्या पेशंटसाठी मी स्टूल शोधायला गेले, तर जागेवर नाही. सगळा वॉर्ड पालथा घातला. सिस्टरांना विचारलं.

"रंगवायला दिलंय," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

रंगवायला! ज्या हॉस्पिटलात गळका नळ वर्षभर बदलत नाहीत, तिथे स्टूल रंगवायला! मी काय समजायचं ते समजले. सरळ लिननच्या खोलीत गेले. सगळ्यात मागे, चादरींच्या गठ्ठ्यांखाली, चोरीचा माल लपवावा तसं ते लपवलेलं. मी ते ओढून काढलं, सिस्टरांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पुन्हा तेच करायचंय का?" मी म्हटलं. "आईच्या वेळी खुर्ची पळवलीत. मरण थांबलं का त्याने? त्याची बायको घरी जाऊन बसलीय, मुलगी परीक्षेला गेलीय. तुम्ही बोलावलं नाहीत, तर उद्या ती पोरगी दारात उभी राहून तुम्हाला काय म्हणेल?"

मला वाटलं, आता माझी नोकरी जाते. सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. "मावशी, तो सकाळपासून दाराकडे बघतोय," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही. माझी जीभ रेटत नाही."

"जीभ रेटत नसेल तर पाय रेटा. चला."

वॉर्डात दुपारचं ऊन आलं होतं. बाळ्याचा श्वास वरच्या वर चालला होता, पण डोळे दाराशी लागलेले. सिस्टर त्याच्या कानाशी वाकल्या. हजारदा विचारलेला प्रश्न.

"कोण आलंय, बाळ्या?"

तो म्हणाला, "ताई, आई आलीय गं. उभी आहे. बसायला दे तिला."

ताई म्हणाला! मी तोंडाला पदर लावला. सिस्टरांनी माझ्याकडून स्टूल घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या खाटेजवळ ठेवलं. मग फोन. "वहिनी, पोरीला घेऊन या. उद्या नको. आत्ता." त्यांनी फोन खाली ठेवला आणि मागे आवाज झाला.

टक.

मी स्टुलापासून हातभर लांब होते. सिस्टर त्याहून लांब. पंखा बंद होता, वारं नव्हतं. इतकी वर्षं रिकामं स्टूल ठेवत आले, ते रिकामं असताना कधी वाजलं नव्हतं.

"बसली," बाळ्या म्हणाला. चेहरा असा सैल झाला त्याचा.

सिस्टर खाटेची कड धरून उभ्या होत्या. लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "बाळ्या, माझ्याकडे बघतेय का रे ती?"

मेलं, खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याने स्टुलाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "नाही गं ताई. माझ्याकडेच बघतेय."

एवढी वर्षं जिने पाठ पुसली, वेणी घातली, बटण लावलं, तिच्याकडे नाही! मला आजींचा राग आला, मेलेल्या माणसाचा राग. पण सिस्टर म्हणाल्या, "बघू दे. तिचं राहिलं होतं. मन भरून बघू दे." आणि त्याचं तोंड ओल्या कापसाने पुसायला लागल्या.

बायको आणि मुलगी वेळेत आल्या. तो दोघींशी बोलला, पोरीला परीक्षेचं विचारलं, आणि ऊन खिडकीवरून उतरायच्या आत गेला. दोघींचे हात त्याच्या हातात होते. सिस्टर पायाशी उभ्या होत्या, नेहमीसारख्या, ड्यूटीवर असल्यासारख्या.

त्याला नेल्यावर मी गादीची मोटर बंद केली, चादर काढली. स्टूल उचलायला गेले, तर सिस्टर म्हणाल्या, "थांबा." त्या आल्या आणि त्या स्टुलावर बसल्या. टक वाजलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणाच्या खाटेजवळ बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. समोर रिकामी खाट. तिच्या कडेवर त्यांनी हात ठेवला.

"बसले बघ, आई," त्या म्हणाल्या. "उरकलं सगळं."

आणि मग रडल्या. पदरात तोंड घालून नाही, मोठ्याने, हंबरडा फोडून. नव्या पोरी दारात गोळा झाल्या, मी त्यांना डोळ्यांनीच हाकललं.

तेवढ्यात वॉचमन घंटी वाजवत आला. "चला, भेटीची वेळ संपली, सगळ्यांनी बाहेर," असं रोजचं ओरडत आत शिरला, आणि सिस्टरांना बघून दारातच थबकला.

मी त्याच्या अंगावर गेले. "दिसत नाही का? पेशंटच्या घरचं माणूस बसलंय. तू जा, मी सांगते तुला कधी उठतील ते."